दहा डबे नकोत, दोन हेडसेट पुरे: वाळवंटातली जुनी ठिकाणं व्हीआरवर दाखवायची असतील तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगतो. राजापूर तालुक्यातलं वाचनालय, एका सभासदाच्या दुबईत असलेल्या मुलाने सव्वा लाख दिलेत आणि अट एवढीच घातलीय की कपाटं-खुर्च्यांवर घालवू नका, पोरांना काहीतरी नवीन दाखवा. कमिटीने ठरवलं की जॉर्डनमधलं पेट्रा, सौदीतलं हेग्रा, इजिप्तमधली थडगी अशी वाळवंटातली जुनी ठिकाणं व्हीआरवर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून तिथेच उभं असल्यासारखी, दाखवायची, मुलांना पण आणि म्हाताऱ्या सभासदांना पण. आता अडलंय ते इथे की मोबाईल घालायचे दहा स्वस्त डबे घ्यायचे की दोन भारी हेडसेट, आणि चक्कर येते म्हणतात ते कितपत खरं.

मी मूळचा फोटोग्राफर, लग्नं-मुंजी करायचो, मग किल्ल्यांचे आणि कातळशिल्पांचे ३६० डिग्री फोटो काढायला लागलो आणि गेली सात-आठ वर्षं हेडसेट सॅकमध्ये घालून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळा, वाचनालयं, एखाददुसरा वृद्धाश्रम असं फिरतोय. म्हणजे जे सांगतोय ते ठेचा खाऊन सांगतोय, पण तुमचा हॉल मी बघितलेला नाही, तुमच्याकडे लाईट किती जाते, मुलं किती येतात, मदतीला कोण आहे हे मला माहीत नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच जुळवून घ्याव्या लागतील.

डबे की हेडसेट हे एका मिनिटात संपेल. दोन हेडसेट. पण तुमची खरी अडचण तिथे नाहीये. खरी अडचण ही की पोरगं पाच मिनिटं पेट्रा बघेल, "भारी!" म्हणेल, हेडसेट काढेल आणि बाहेर जाऊन क्रिकेट खेळेल, आणि चार महिन्यांनी ते हेडसेट कपाटात पडून राहतील. मी असे पडलेले हेडसेट तीन ठिकाणी बघितलेत. म्हणून जास्त त्याच्याबद्दल लिहितो.

आधी डब्यांचं संपवू. मी सुरुवात डब्यांनीच केली होती, वीस घेतले होते पुठ्ठ्याचे, एका शाळेसाठी. कागदावर हिशोब छान दिसतो, वीस पोरं एकदम बघणार. प्रत्यक्षात प्रत्येकाचा मोबाईल वेगळा, कुणाचा डब्यात बसत नाही, कुणाच्या मोबाईलला फिरलेलं कळायचा सेन्सरच नाही त्यामुळे मान वळवली तरी चित्र जागेवरच, मध्येच कुणाच्या आईचा फोन येतो. वर डब्यात तुम्ही फक्त मान फिरवू शकता, एक पाऊल पुढे टाकलं तर अख्खं थडगं तुमच्याबरोबर पुढे सरकतं, आणि चक्कर येते ती बऱ्याचदा यामुळेच. शेवटी ज्या अ‍ॅपवर माझा सगळा कार्यक्रम उभा होता ते कंपनीने २०२१ मध्ये बंदच केलं. वीस डबे आईने रद्दीत घातले.

चांगल्या हेडसेटमध्ये, म्हणजे मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस वगैरे, तुम्ही वाकलात, पुढे सरकलात, मागे झालात तरी ते त्याला कळतं. भिंतीवरची टाकीची खूण बघायला पोरगं खरंच नाक पुढे नेतं. सव्वा लाखात दोन बसतात आणि वर बऱ्यापैकी पैसे उरतात, फक्त बाहेरून आलेला पीस असेल तर वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. उरलेल्या पैशांत टीव्ही नसेल तर टीव्ही घ्या, तिसरा हेडसेट नको. का ते पुढे येईल.

हिशोब असा. चाळीस मुलं धरा. एकाला पाच मिनिटं बघायला आणि दोन मिनिटं पट्टा बसवायला, लेन्स जुळवायला, पुसायला. सात मिनिटं. दोन हेडसेट म्हणजे वीस फेऱ्या, १४० मिनिटं, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. एवढा वेळ अडतीस मुलं करणार काय? इथे टीव्ही लागतो. हेडसेटमध्ये जे दिसतंय ते टीव्हीवर टाकता येतं, एक साधा राऊटर पुरतो, आणि मग खाली बसलेली पोरं वरच्याला सांगत बसतात, "अरे डावीकडे बघ, वर बघ, त्या दारात काय आहे बघ." माझ्या अनुभवात जे शिकणं होतं ते या आरड्याओरड्यात होतं. हेडसेट घातलेलं पोरगं गप्प असतं, बाहेरची बोलतात. म्हणून सांगतो तिसरा हेडसेट नको.

आता काय दाखवायचं. तुम्ही यादीत सात ठिकाणं लिहिलीत. सातही एका दिवसात दाखवायचा विचार असेल तर तो सोडा. एका बैठकीला एक ठिकाण, आणि त्या ठिकाणी एक प्रश्न. ठिकाण असं निवडायचं की त्यातली एक तरी गोष्ट आपल्या पोराला घरची माहीत आहे.

उदाहरण देतो. मी हेग्रापासून सुरुवात करतो. सौदी अरेबियाच्या वायव्येला, अल-उला भागात, मदाईन सालेह असं पण म्हणतात. नबाती लोकांचं गाव, पेट्रा ज्यांनी कोरली तेच हे. वालुकाश्माच्या टेकड्यांत कोरलेली १११ मोठी थडगी आहेत, त्यातल्या ९४ वर नक्षी आहे, आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, सौदीतलं पहिलंच. पण हे सगळं मी आधी सांगत नाही. मी सरळ कस्र अल-फरीदसमोर उभं करतो. एकटीच सुटी शिळा, चार मजली घराएवढी, सगळीकडे वाळू, आणि तिच्या तोंडावर कोरलेलं थडगं. वरचा भाग अगदी गुळगुळीत, पायऱ्यांची नक्षी, खांब, सगळं नीट. खाली येता येता खांब खडबडीत होत जातात आणि तळाशी नुसता ओबडधोबड दगड. आणि मी विचारतो, हे काम कुठून सुरू केलं असेल?

राजापूरजवळच्याच एका शाळेत एक सातवीतला मुलगा होता, पहिल्यापासून मागच्या बाकावर, हेडसेटसाठी हात पण वर केला नव्हता. टीव्हीवर बघत होता. तो म्हणाला, "सर, ह्यो वरनं कापत आलाय, खाली पोचलाच न्हाय." मी विचारलं तुला कसं कळलं. म्हणाला बाबा चिरेखाणीवर आहेत. झालं, मग पुढची वीस मिनिटं तोच बोलत होता, की खाणीत पण वरची माती काढतात, मग एक थर कापून झाला की खालचा, खालून कोण कशाला सुरू करेल, वरचं डोक्यावर पडेल. आणि हेच तर कारण आहे. वरून कोरत आलं की उभं राहायला खालचा न कापलेला दगडच पायाखाली असतो, जमिनीपासून परांची बांधायला नको, लाकूड वाळवंटात आणायचं कुठून, आणि वरून पडणाऱ्या तुकड्यांनी खालची झालेली नक्षी फुटत नाही कारण खाली अजून नक्षीच नाहीये. हे मी पन्नास वेळा सांगितलं असतं तरी त्या पोराने सांगितलं तसं बसलं नसतं.

तुमच्याकडे तर सगळीकडे जांभा. अर्ध्या पोरांच्या घराच्या भिंतीवर कटरच्या खुणा आहेत. बैठकीच्या आधी एक चिरा आणून टेबलावर ठेवा, बाकी काही करू नका.

मोठ्या माणसांना हेग्रातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. तिथल्या बऱ्याच थडग्यांच्या दारावर नबाती लिपीत मजकूर कोरलाय, इसवी सन पूर्व १ ते इसवी सन ७५ च्या दरम्यानच्या तारखा असलेला, की हे थडगं अमक्याने स्वतःसाठी आणि आपल्या मुलाबाळांसाठी केलं, यात दुसऱ्या कुणाला पुरायचं नाही, विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, आणि जो हे मोडेल त्याला दंड, काही देवाला, काही राजाला. काहींवर कोरणाऱ्या कारागिराचं नाव पण आहे. मी एका वाचनालयात हे सांगितलं तर निवृत्त तलाठी बसले होते, ते म्हणाले म्हणजे हा दगडावरचा सातबाराच की हो, आणि वर वारस नोंद पण. कोकणात सामायिक जमिनीच्या भांडणात ज्याने अर्धं आयुष्य काढलंय त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा नबाती माणूस लगेच शेजारचा वाटतो.

इथे एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण मी चुकलो होतो. दाभोळ खाडीच्या बाजूच्या एका गावात एक चाचा आले होते, बावीस वर्षं सौदीत ट्रेलर चालवलेला माणूस, मदिना ते तबूक रस्ता तोंडपाठ. मला वाटलं यांना तर हेग्रा दाखवायलाच हवं, इतकी वर्षं बाजूने गेले आणि आत कधी गेले नाहीत. मी उत्साहात हेडसेट पुढे केला. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. कुरआनात सालेह पैगंबरांची आणि त्यांचं न ऐकल्याने नाश झालेल्या समूद लोकांची जी गोष्ट आहे ती या जागेशी जोडली जाते, आणि अनेक मुसलमान लोक तिथे हौसेने जात नाहीत, गेले तरी थांबत नाहीत. चाचांनी अगदी शांतपणे समजावून सांगितलं, रागावले नाहीत, उलट पेट्रा दाखव म्हणाले. पण मी आधी विचारायला हवं होतं. तुमच्या गावात गल्फला जाऊन आलेले पुष्कळ असणार, प्रत्येकाचं मत सारखं असेल असंही नाही, म्हणून सरसकट काही ठरवू नका, फक्त कुठली जागा आहे ते आधी सांगा आणि विचारा. आणि चाचांनी मग जे सांगितलं ते कुठल्याही हेडसेटमध्ये नाही, की वारा सुटला की वाळू ट्रेलरच्या काचेवर पावसासारखी वाजते आणि वायपर लावायचा नाही, काच जाते. आता मी प्रत्येक गावात आधी विचारतो की वाळवंटात राहिलेलं कोणी आहे का, आणि त्यांना खुर्ची देऊन पुढे बसवतो. तुमचे देणगीदार सुट्टीवर आले की त्यांना पण बोलवा.

पेट्रा तुम्हाला हवंच असणार, सगळ्यांना हवं असतं. जॉर्डनमध्ये आहे, १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत. २०१५ पासून त्याचे गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर फोटो आहेत आणि वॉन्डर नावाच्या अ‍ॅपमध्ये ते हेडसेट घालून बघता येतात, नेट मात्र लागतं. लोक सरळ 'खजिना' म्हणतात त्या प्रसिद्ध इमारतीसमोर उडी मारतात, जवळपास ४० मीटर उंच आहे, भव्यच आहे. पण मी सीकमधून नेतो, म्हणजे ती १.२ किलोमीटरची अरुंद घळ, आणि पोरांना सांगतो भिंतीला कमरेच्या उंचीवर बघा काय दिसतंय. दगडात कोरलेला पाट दिसतो. बागायतीत पाटाने नाहीतर पोफळीच्या पन्हळीने पाणी आणलेलं ज्याने बघितलंय तो लगेच ओळखतो. मग प्रश्न, वाळवंटात पाणी आलं कुठून? आणि त्याच्या पुढचा, मग घळीच्या तोंडाशी बांध कशाला घातलाय? तर पूर येतो म्हणून. पाऊस थोडा पण एकदम, आणि उघड्या कातळावरून सगळं पाणी त्या घळीत. नबाती लोकांनी बांध घालून आणि डोंगरातून बोगदा कोरून ते पाणी बाजूने काढून दिलं होतं. ती व्यवस्था पुढे मोडकळीला आली आणि १९६३ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात आत असलेले पर्यटक वाहून गेले. आपल्याकडे सड्यावर पाऊस पडला की खालचा पऱ्या दहा मिनिटांत कसा फुगतो ते पोरांना माहीतच आहे, त्यामुळे "वाळवंटात पूर" हे त्यांना सांगावं लागत नाही, ते स्वतःच तिथे पोचतात.

इजिप्तसाठी माझी शिफारस नेफरतारी राणीचं थडगं. १९०४ मध्ये स्कियापारेल्ली नावाच्या इटालियन माणसाने शोधलं. रंग असे की काल लावलेत. याचं एक चांगलं व्हीआर २०१८ मध्ये आलं, जागेचं स्कॅनिंग करून केलेलं, मी घेतलं तेव्हा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट होतं. पण त्याला गेमिंगचा लॅपटॉप लागतो, नुसत्या हेडसेटवर चालत नाही. तुमच्या बजेटमध्ये तो घेऊ नका, गावात इंजिनिअरिंगला असलेलं एखादं पोरगं असतंच, सुट्टीत आलं की लॅपटॉपसकट धरून आणा.

त्या थडग्याचं खरं दुखणं मीठ. चुनखडीच्या डोंगरात कोरलंय, दगडातलंच मीठ ओलाव्याने बाहेर येतं, गिलाव्याच्या मागे त्याचे खडे होतात आणि रंगासकट गिलावा पुढे ढकलतात. आपल्या भाषेत लोणा. कोकणातल्या कुठल्याही पोराला घराच्या भिंतीला लोणा लागला की रंग कसा फुगून पोपडे निघतात ते विचारा. तिथे १९८६ ते १९९२ गेटी संस्थेने आणि इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने मिळून भिंती वाचवल्या, आणि त्यानंतर माणसं मोजून आत सोडायला लागले, कारण आत शिरणारा प्रत्येक माणूस श्वासातून आणि घामातून ओलावा घेऊन येतो. आता व्हीआरचा उपयोग काय हे इथे पोरांना आपोआप कळतं, तुम्ही कितीही जण हेडसेटमधून आत गेलात तरी भिंतीला ओल येत नाही. चीनमध्ये गोबी वाळवंटाच्या कडेला दुनहुआंगच्या गुहा आहेत, त्यांनी पण हाच विचार करून २०१६ मध्ये तीस गुहा वेबसाईटवर सगळ्यांना खुल्या केल्या. त्याला हेडसेट पण नको, ब्राउझर पुरतो, पावसाळ्यात हेडसेट बंद ठेवाल तेव्हा टीव्हीवर लावा. बुद्धाची चित्रं आहेत, अजिंठा बघून आलेली मंडळी तासभर हलत नाहीत.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. दाखवताय ते नक्की काय आहे ते सांगा. ३६० फोटो असेल तर तो खरा आहे पण एकाच जागी उभा राहून काढलेला. स्कॅन असेल तर मोजमापं खरी, पण उजेड कदाचित खोटा, कारण भर दुपारी काढलेली सावली कायमची चिकटलेली असते. आणि तिसरं म्हणजे कुणीतरी अभ्यास करून आणि बाकीचं मनाने भरून उभं केलेलं चित्र. पोरांना तिन्ही सारखीच खरी वाटतात. सीरियातल्या पाल्मिराचं बघा, बेलचं देऊळ २०१५ मध्ये उडवलं, आता हेडसेटमध्ये ते अख्खं दिसतं. मी एकदा न सांगता दाखवलं तर एका मुलीने विचारलं सर इथे जायला तिकीट किती. त्यानंतर मी आधी आजचा ढिगाऱ्याचा फोटो दाखवतो आणि मग उभं देऊळ.

चक्कर. येते, खरं आहे, पण सगळ्यांना नाही आणि टाळता येते. डोळे सांगतात चाललोय, कान आतून सांगतो बसलोय, या भांडणात पोट बिघडतं. मी पहिला प्रश्न विचारतो, अणुस्कुरा घाटात गाडी लागते का? हो म्हणाला की त्याला बसवूनच, दोन मिनिटंच, आणि सरकत जाणारं काही दाखवायचं नाही. व्हीआरमध्ये पुढे जायचे दोन प्रकार असतात, एक जॉयस्टिकने सरकत जायचं आणि दुसरं बोट दाखवलं तिथे एकदम उडी मारायची. कायम उडीवाला प्रकार चालू ठेवा. ड्रोनमधून काढलेले ३६० व्हिडिओ दिसायला झकास, पण वाळवंटावरून तरंगत जाणारा व्हिडिओ मी एका महिला मंडळात जेवणानंतर लावला होता आणि पुढचं मी इथे लिहीत नाही. जेवणानंतर नको, एवढंच लक्षात ठेवा.

म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवा, हातवाली प्लास्टिकची खुर्ची, फिरती नको, आणि मागे एक माणूस खांद्यावर हात ठेवून उभा. चष्मा असेल तर लेन्सला घासतोय का बघा, दोन्हीवर ओरखडे जातात. फिट येणाऱ्याला हेडसेट लावू नका, टीव्हीवर दाखवा. लहान मुलांचं विचारलंत ना, मेटाचा नियम असा की दहा वर्षांखाली नाही, दहा ते बारा पालकांच्या परवानगीने. नियम सोडला तरी लहान मुलाच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, ३एसमध्ये लेन्सच्या तीनच जागा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर, त्यामुळे पोराला धूसर दिसतं आणि ते सांगत नाही, रांगेतला नंबर जाईल या भीतीने "दिसतंय दिसतंय" म्हणतं. म्हणून चौथीपर्यंतची सगळी टीव्हीसमोर.

उकाडा, वारा, वाळू, तहान हे काही कळत नाही हेडसेटमध्ये, आणि कळवायला जाऊ नका. एका ठिकाणी हौशी लोकांनी हीटर लावला होता. कोकणात. मे महिन्यात.

आता जवळचं. तुमच्याच तालुक्यात देवीहसोळ, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत. काही जण म्हणतील उरलेल्या पैशातून त्यांचं पण व्हीआर करा. चालत न्या हो पोरांना. जे अर्ध्या तासाच्या एसटीवर आहे ते हेडसेटमध्ये दाखवू नका, सड्यावर चढायला गुडघे साथ देत नाहीत अशा सभासदांसाठी फक्त करा. उलट एक गंमत करता येईल. कशेळीचा तो मोठा हत्ती आहे ना, त्याच्यावर उभं राहिलं की हत्ती दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. आधी तिथे नेऊन आणा आणि पुढच्या आठवड्यात पेरूमधल्या नाझका वाळवंटातल्या रेघा हेडसेटमध्ये दाखवा, आधी जमिनीवरून आणि मग वरून. त्यांनी वरचे काळपट दगड बाजूला केले आणि खालची फिकी जमीन उघडी पाडली, बस एवढंच, तरी शेकडो वर्षं टिकलं कारण पाऊसच नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे असं केलं असतं तर पहिल्या मृगात वाहून गेलं असतं, म्हणून आपल्यांनी कातळात खोदलं. हे पोरांकडूनच काढून घ्या, सांगू नका.

शेवटी सांभाळायचं, कारण कोकणात वस्तू वापरून कमी आणि हवेने जास्त मरतात. लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला पुड्या बदलायच्या. तांदळात ठेवू नका, कोंडा आत जातो. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवायची नाही, अर्धी ठेवा. चेहऱ्याला लागतो तो फोम काढून रेक्झिनसारखं धुता-पुसता येणारं कव्हर लावा, घाम इतका येतो की तिसऱ्या पोराला ओलंच लागतं. लाईटचं काय सांगू, जे डाउनलोड करता येतं ते आदल्या दिवशी करून ठेवा आणि राऊटरला छोटा इन्व्हर्टर लावा.

आणि ऊन. हे मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवा. माझा दुसरा हेडसेट मी स्वतः मारला. पडवीत कार्यक्रम होता, संपल्यावर हेडसेट बाकावर उलटा ठेवला, लेन्सा वर, आणि चहा प्यायला आत गेलो. दहा मिनिटं असेन. लेन्स म्हणजे भिंगच, सूर्य त्यातून आत गेला आणि स्क्रीनवर पिवळट रेघ ओढून गेला, सूर्य जसा सरकला तशी वाकडी. आजही तो चालू केला की पेट्राच्या आकाशात ती रेघ दिसते. दुरुस्ती नाही, वॉरंटीत पण बसत नाही. वापर झाला की लेन्सांवर फडकं, मग बाकी सगळं.

उद्घाटन श्रावणात करायचं म्हणताय, मी म्हणेन दिवाळीनंतर करा, हवा कोरडी होते आणि लाईट टिकते. गणपतीत मात्र कपाटाला कुलूप आणि चावी तुमच्या कमरेला. चाकरमानी आले की प्रत्येक घरातून एक भाचा "काकी, जरा बघू" म्हणत येतो, त्याला पेट्रा नको असतं, त्यात कुठला गेम टाकता येतो ते बघायचं असतं, आणि अनंत चतुर्दशीला मेमरी फुल झालेली असते.